हिवाळ्यातील काढा : कृती, गुण आणि मर्यादा

(पंचायत सदस्य, शिक्षक व ग्रामपातळीवरील कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



दिवाळी उलटली की महाराष्ट्राच्या पठारावर थंडीची चाहूल लागते. निफाडच्या द्राक्षबागांत पारा उतरू लागतो, साताऱ्याच्या शेतांत आले काढणीला येऊ लागते, साखर कारखान्यांची धुराडी पेटतात आणि ऊसतोडीच्या टोळ्या फडांत उतरतात. याच सुमारास प्राथमिक शाळांच्या वर्गांतून खोकल्याचा आवाज ऐकू येऊ लागतो. मग घरोघरी चुलीवर वा शेगडीवर पातेले चढते. त्यात ठेचलेले आले पडते, तुळशीची पाने पडतात, गवती चहाची पात गाठ मारून सोडली जाते. कोणी त्याला काढा म्हणतात, कोणी उकाळा, तर कोणी नुसताच गवती चहा. चहाची पूड खेडोपाडी सर्वदूर पोचली ती विसाव्या शतकात. त्याआधीही थंडीच्या दिवसांत असे काही ऊन ऊन पिण्याची रीत घराघरांत होतीच.

या पेयाचा विषय सभेपुढे येण्याचे कारण केवळ पाकशास्त्रीय नाही. २०२० साली कोविडची साथ आली, त्या वेळी केंद्र शासनाच्या आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, सुंठ आणि काळी मिरी यांचा काढा दिवसातून एक-दोन वेळा घ्यावा, अशी सूचना प्रसृत केली. पुढे याच चार द्रव्यांचे तुळस ४ भाग, दालचिनी २ भाग, सुंठ २ भाग आणि मिरी १ भाग असे प्रमाण ठरवून 'आयुष क्वाथ' या नावाने तयार चूर्णही बाजारात आले. सूचना संयमाची होती. पालन मात्र सर्वत्र संयमाने झाले नाही. एक-दोन वेळांचे चार-पाच वेळा झाले, चिमटीची मूठ झाली, आणि पोटात आग व तोंडात फोड अशा तक्रारी घेऊन माणसे दवाखान्याची पायरी चढली. दुसऱ्या टोकाला सुशिक्षितांचा एक वर्ग असा आहे, की काढ्याचे नाव निघताच तो नाक मुरडतो आणि साध्या सर्दीवरही औषधाच्या दुकानातून प्रतिजैविकाच्या गोळ्या आणून घेतो. दोन्ही वृत्तींत एकच उणीव आहे. काढ्याकडून नेमकी कोणती अपेक्षा ठेवावी आणि कोणती ठेवू नये, हा विचारच होत नाही. खेड्यात हा विचार लोकांपर्यंत न्यायचा, तर तो शिक्षक, अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्ती आणि पंचायत सदस्य यांनाच न्यावा लागेल. कारण आजारी मुलाचे घर दवाखान्याच्या आधी त्यांना दिसते.

सर्वसाधारण सर्दी-पडसे हा विषाणूंमुळे होणारा विकार आहे. असे विषाणू दोनशेहून अधिक प्रकारचे असून त्यांच्यावर प्रतिजैविकांचा काहीही उपयोग होत नाही. सर्दी बहुधा आठवडा-दहा दिवसांत आपोआप ओसरते. मग काढा घेतल्याने बरे का वाटते? या प्रश्नाचा एक शास्त्रीय शोध ब्रिटनमधील कार्डिफ येथील सर्दी संशोधन केंद्रात २००८ साली घेतला गेला. सर्दी झालेल्या ३० स्वयंसेवकांना फळांच्या रसाचे एकच पेय देण्यात आले. काहींना गरम आणि काहींना खोलीच्या तापमानाचे. साध्या तापमानाच्या पेयानेही वाहते नाक, खोकला आणि शिंका यांत थोडा आराम वाटला; परंतु गरम पेयाने त्याखेरीज घशाची खवखव, अंगातली हुडहुडी आणि थकवा यांतही तत्काळ उतार जाणवला. गंमत अशी, की नाकातून वाहणारी हवा यंत्राने मोजली तेव्हा तिच्यात फरक आढळला नाही. नाक होते तितकेच चोंदलेले होते. माणसाला मात्र बरे वाटत होते. त्या पेयात ना तुळस होती, ना मिरे. अर्थात काढ्याच्या गुणाचा मोठा वाटा त्याच्या ऊनपणात, पोटात जाणाऱ्या पाण्यात आणि घोट घोट घेत बसण्याच्या विश्रांतीत आहे, असे मानण्यास आधार आहे. आजीने अंगावर पांघरूण घालून पेला हातात द्यावा, यातही औषधाचा अंश असतो. तो कोणत्याही प्रयोगशाळेला मोजता आलेला नाही, एवढेच.

याचा अर्थ घटकद्रव्ये निरर्थक आहेत असा नव्हे. आल्याचा तिखटपणा जिंजरॉल नावाच्या द्रव्यामुळे असतो. आले वाळून त्याची सुंठ होताना या द्रव्याच्या काही भागाचे शोगॉलमध्ये रूपांतर होते आणि शोगॉल अधिक तिखट असते. म्हणूनच ओल्या आल्याऐवजी सुंठ वापरायची, तर ती चिमटीनेच घालावी लागते. मिऱ्याचा झणका पायपरीनमुळे, ओव्याचा उग्र वास थायमॉलमुळे, लवंगेचा आणि पुष्कळशा तुळशीचा गंध युजेनॉलमुळे, तर गवती चहाचा लिंबासारखा सुवास सिट्रालमुळे येतो. यांतील तिखट द्रव्ये घशाला ऊब देतात, तोंडाला पाणी आणतात, कफ सैल झाल्यासारखा वाटतो. अडुळशाचे उदाहरण तर याहून बोलके आहे. त्याच्या पानांत वासिसीन नावाचे द्रव्य असते आणि त्याच्याच रचनेवरून पुढे ब्रोमहेक्सीन हे कफ पातळ करणारे आधुनिक औषध तयार झाले. अर्थात जे झाड औषध देऊ शकते, ते अपायही करू शकते. वासिसीनमुळे गर्भाशयाचे आकुंचन होते. म्हणून गरोदर स्त्रीला अडुळशाचा काढा देऊ नये. कित्येक घरांत हे नीट माहीत नसते.

आता कृतीकडे वळू. काढा करताना सर्वांत मोठी चूक कोणती होते, असे विचारल्यास उत्तर एकच आहे : सगळे जिन्नस एकदम पाण्यात टाकून पातेले उघडेच खळखळ उकळत ठेवणे. घरभर सुवास दरवळतो आणि गृहिणीला वाटते, काढा झक्क झाला. वस्तुतः जो सुवास घरात पसरला तो पातेल्यातून उडून गेलेला असतो. तुळस आणि गवती चहा यांचे सत्त्व त्यांच्या उडून जाणाऱ्या तेलात आहे. आले, दालचिनी, ज्येष्ठमध ही मुळे आणि साली मात्र कठीण असतात, त्यांचा अर्क उतरण्यास वेळ लागतो. आयुर्वेदाने हा भेद फार पूर्वीच ओळखला होता. स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट अशा ज्या पाच कल्पना सांगितल्या आहेत, त्यांपैकी क्वाथ म्हणजे उकळून आटवलेला काढा आणि फांट म्हणजे कढत पाण्यात द्रव्य भिजवून, झाकून, गाळून घेतलेले पेय. शार्ङ्गधरसंहितेत क्वाथासाठी द्रव्याच्या सोळापट पाणी घेऊन ते आठव्या हिश्शापर्यंत आटवावे, असे प्रमाण दिले आहे. ते वैद्याच्या औषधाचे प्रमाण झाले. इतका दाट काढा घरात रोज सर्वांना पाजायचा नसतो. घरगुती काढा हा क्वाथ आणि फांट यांचा मिलाफ असावा : मुळे-साली उकळाव्यात, पाने झाकून मुरवावीत.

चार माणसांसाठी साडेचार ते पाच कप पाणी घ्यावे. अंगठ्याच्या पेराएवढे आले स्वच्छ धुऊन ठेचावे. किसल्यास गाळ फार होतो. चार-पाच मिरे आणि दोन लवंगा खलबत्त्यात जाडसर कुटाव्यात, दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा मोडून घालावा. पाणी थंड असतानाच हे जिन्नस त्यात सोडावेत आणि उकळी फुटल्यावर आच मंद करून, झाकण ठेवून आठ-दहा मिनिटे उकळू द्यावे. त्यानंतर गवती चहाच्या तीन-चार पाती धुऊन, कापून किंवा जुडीला गाठ मारून आत घालाव्यात, एक मिनिट थांबावे आणि पातेले खाली उतरवावे. तुळशीची दहा-बारा पाने हाताने चुरडून त्याच वेळी टाकावीत आणि झाकण घट्ट लावून पाच मिनिटे तसेच राहू द्यावे. मग गाळून, चवीपुरता गूळ घालून प्यावे. ज्यांना दूध हवे त्यांनी ते वेगळे तापवून शेवटी घालावे. गूळ आणि दूध एकत्र उकळल्यास दूध फाटण्याचा संभव असतो. दुधाने काढ्याचा गुण मरतो, असे पुष्कळजण ठामपणे सांगतात. लहान मूल जर दूध घातल्यावरच दोन घोट घेत असेल, तर या वादात पडण्याचे कारण नाही. लिंबू पिळायचे असल्यास दूध नको, आणि तेही पेल्यात, पातेल्यात नव्हे. पितळेचे पातेले असेल तर त्याला कल्हई हवीच.

काढा उतरल्याबरोबर तोंडाला लावू नये, हेही येथेच सांगितले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली ६५ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक गरम पेये अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारणीभूत होतात, असा निर्वाळा दिला. ऊन म्हणजे चटका बसणारे नव्हे. आणि चुलीजवळ रांगणारे मूल असेल तर पातेल्याची जागा आधी पाहावी. कढत पाणी अंगावर सांडून पोळलेल्या मुलाचे दुखणे सर्दीच्या दुखण्याहून कितीतरी मोठे असते.

घटकद्रव्यांची पारख हा बाजाराशी संबंधित भाग आहे. दालचिनीच्या नावाखाली किराणा दुकानांत बहुधा जी जाड, खडबडीत, एकाच पदराची साल मिळते ती कॅसिया होय. खरी दालचिनी पातळ असते, तिचे अनेक पदर एकात एक गुंडाळलेले असतात आणि ती बोटांनी सहज चुरते. कॅसियामध्ये कुमरीन नावाचे द्रव्य बरेच अधिक असते व ते दीर्घकाळ, मोठ्या प्रमाणात पोटात गेल्यास यकृताला बाधक ठरू शकते. आठ दिवसांच्या सर्दीत एखाद्या तुकड्याने काही बिघडत नाही. पण रोज सकाळी चमचाभर पूड घेण्याची जी टूम निघाली आहे, तिच्याविषयी सावध राहावे. खऱ्या दालचिनीसाठी दूर जाण्याचे कारणही नाही. दापोली येथील कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण तेज' ही दालचिनीची जात प्रसारित केली आहे, आणि रत्नागिरीजवळील भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राने नारळाच्या बागेत दालचिनी, मिरी, जायफळ अशी मसाल्याची आंतरपिके घेण्याची जी पद्धत बसवली, ती 'लाखी बाग' म्हणून कोकणात परिचित आहे. गोव्याच्या कुळागरांत पोफळीवर चढलेल्या मिरवेली पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मिऱ्यात पपईच्या वाळलेल्या बिया मिसळल्या जातात. पाण्यात टाकल्यास भरदार मिरे तळाला बसतात आणि पपईच्या बिया वर तरंगतात. पोचट मिरेही तरंगतात, तेव्हा दोन्ही प्रकारांत दुकानदाराला जाब विचारण्यास हरकत नाही.

तुळस आणि गवती चहा मात्र विकत घेण्याची वेळ यावी हे खेड्याला शोभत नाही. गवती चहाचे एक ठोंब मोरीच्या सांडपाण्यावर लावले की दोन-तीन वर्षे पुरते. पावसाळ्याच्या आरंभी जुने ठोंब खणून, फुटवे वेगळे करून पुन्हा लावावे, एवढीच त्याची मशागत. साबणाचे दाट पाणी त्याच्या बुडाशी साचू देऊ नये आणि पाने वापरण्यापूर्वी नीट धुवावीत. शाळांच्या परसबागांत भाजीच्या वाफ्याकडेला अशी दोन ठोंबे आणि तुळशीचा एक वाफा असेल, तर विज्ञानाच्या तासाला पाने चुरडून वास ओळखण्याचा पाठही तेथेच घेता येतो. बांधावरची कोणतीही सुवासिक पात गवती चहा समजून उपटू नये, हे मुलांना त्याच वेळी सांगावे.

आता मर्यादांचा विचार. ज्येष्ठमधाने घसा निवतो, परंतु त्यातील ग्लिसिरायझिनमुळे रक्तदाब वाढतो आणि शरीरातील पोटॅशियम घटते. रक्तदाब असलेल्या माणसाने तो रोज चघळू नये. मधुमेही व्यक्तीने काढ्यात गूळ घालताना तो साखरेचाच भाऊ आहे हे लक्षात ठेवावे. आम्लपित्त किंवा पोटात व्रण असणाऱ्यांनी मिरे-सुंठ बेताने घ्यावी. रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असतील, तर दाट काढे सुरू करण्यापूर्वी वैद्यकीय अधिकाऱ्याला विचारलेले बरे. एक वर्षाच्या आतील बालकाला मध देऊ नये. मधात कधी कधी असणाऱ्या जिवाणूंच्या बीजाणूंपासून अशा बाळाला बोट्युलिझम हा गंभीर विकार होऊ शकतो. सहा महिन्यांच्या आतील बाळाला तर काढा, गुटी, पाणी यांपैकी काहीच नको, केवळ आईचे दूध. तान्ह्या बाळाच्या जिभेला मध लावण्याची चाल चांगल्या शिकलेल्या घरांतूनही अद्याप गेलेली नाही.

हे सारे सांगितल्यावरही मुख्य गोष्ट उरतेच. काढ्याने अपाय होतो तो बहुतेक वेळा काढ्यातील द्रव्यामुळे नव्हे. काढा देऊन झाला, आता दोन दिवस वाट पाहू, या निश्चिंतीमुळे होतो. मोठ्या माणसाच्या पडशात दोन दिवस गेले तर बिघडत नाही. पाच वर्षांखालील मुलाला न्यूमोनिया झाला असेल, तर ते दोन दिवस जीवघेणे ठरू शकतात. आणि पहिल्या दिवशी दोन्ही सारखेच दिसते : नाक वाहते, खोकला येतो, अंग कोमट लागते.

हा भेद ओळखण्याचे सर्वांत सोपे साधन महाराष्ट्रातच, गडचिरोली जिल्ह्यात, सिद्ध झाले. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी तेथे १९८८ साली हाती घेतलेल्या प्रयोगात खेड्यातील आरोग्यसेवक आणि सुईणी यांना बालकांतील न्यूमोनिया ओळखण्याचे आणि त्यावर प्रतिजैविक देण्याचे शिक्षण देण्यात आले. १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उपचार झालेल्या ६१२ रुग्णबालकांत मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के होते; तुलनेसाठी घेतलेल्या भागात ते १३.५ टक्के आढळले. उपचार करणाऱ्यांत लिहिता-वाचता न येणाऱ्या सुईणी होत्या. मोठ्या आकड्यांपर्यंत मोजण्याची सवय नसलेल्या या स्त्रियांसाठी एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि सरकवण्याचे मणी असलेले साधे श्वासमापक तयार करण्यात आले होते. मण्यांवर बोट ठेवून श्वास मोजणाऱ्या त्या सुईणींनी जे ओळखले, ते ओळखण्यासाठी आज कोणाही शिक्षकाला मनगटावरचे घड्याळ पुरेल.

मूल शांत असताना, रडत किंवा अंगावर पीत नसताना, त्याचा सदरा वर करून छाती-पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजावी. दोन महिन्यांच्या आतील बाळात मिनिटाला ६० वा अधिक, दोन महिने ते एक वर्षाच्या आतील बाळात ५० वा अधिक आणि एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० वा अधिक श्वास आढळले, तर तो जलद श्वास समजावा आणि मुलाला त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्यावे. दोन महिन्यांच्या आतील बाळाच्या बाबतीत तर तासाचाही विलंब करू नये. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे, दूध वा पाणी पिऊ न शकणे, प्यालेले सर्व उलटून पडणे, झटके येणे, मूल निपचित पडणे, यांपैकी एकही चिन्ह दिसल्यास श्वास मोजत बसण्याचेही कारण नाही. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. घरगुती काढ्याला येथे काहीही स्थान नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली मुलांच्या खोकल्यावरील औषधांचा आढावा घेतला, त्यात घशाला आराम देणाऱ्या निर्धोक घरगुती उपायांना मान्यताच दिली आहे, ही गोष्ट येथे मुद्दाम नमूद करण्यासारखी आहे. त्यामुळे आईला 'काढा देऊ नका' असे दरडावण्याची गरज नाही. तसे दरडावले की ती काढा देणे थांबवत नाही, सांगणे थांबवते. सहा महिन्यांवरील मुलाला साधे कोमट पाणी वा पातळ काढ्याचे दोन-चार चमचे जरूर द्यावेत, वर्षावरील मुलाला चमचाभर मधही चालेल. त्याबरोबर श्वास मोजावा, रात्री पुन्हा मोजावा. असे सांगितले तर ते ऐकले जाते. केंद्र शासनाने २०१९ साली सुरू केलेल्या 'सांस' या न्यूमोनियाविरोधी अभियानात लोकजागृती आणि आशा कार्यकर्तींचे प्रशिक्षण यांवर भर आहे. न्यूमोकोकल लस २०२१ साली देशभरच्या नियमित लसीकरणात आली आणि ती दीड महिना, साडेतीन महिने व नऊ महिने या वयांत दिली जाते. पंचायत सदस्याला आपल्या प्रभागातील किती बालकांची तिसरी मात्रा राहिली आहे, हे उपकेंद्रातून एका दुपारी कळू शकते.

ज्या चुलीवर काढा उकळतो तिचाही या प्रश्नाशी निकटचा संबंध आहे. ओल्या लाकडाचा धूर बंद खोलीत कोंडतो आणि आईच्या कडेवरचे मूल तोच श्वासाबरोबर घेते. घरातील धूर हे बालकांच्या न्यूमोनियाचे एक मान्य कारण आहे. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यावर गॅस शेगड्या पुष्कळ घरांत आल्या. तरीही थंडीत पाणी तापवायला, अंग शेकायला चूल पेटतेच. निदान खोकणारे मूल त्या खोलीबाहेर ठेवावे आणि खिडकी असेल तर उघडी ठेवावी. थंडीमुळे खिडकी बंद करणे साहजिक वाटते. पण त्या मुलाला थंडीपेक्षा धूर अधिक बाधतो.

वृद्धांच्या बाबतीत काढ्याचा आडोसा निराळ्या प्रकारे होतो. घरातील वडीलधारा माणूस महिना-महिना खोकतो, रोज सकाळी सुंठ-मिऱ्याचे पाणी घेतो आणि 'हिवाळ्याचा खोकला आहे' असे म्हणत राहतो. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला, मग तो कोणत्याही ऋतूतला असो, क्षयरोगाच्या तपासणीस पात्र आहे. ही तपासणी आणि उपचार शासकीय केंद्रांत विनामूल्य होतात. वजन घटणे, सायंकाळी ताप येणे, थुंकीत रक्त दिसणे यांपैकी काही असल्यास दोन आठवडेही थांबू नये.

काही महिला बचत गट आता काढ्याचा मसाला तयार करून आठवडे बाजारात आणि शासकीय प्रदर्शनांत विकू लागले आहेत. उद्योग स्तुत्य आहे. साताऱ्यासारख्या जिल्ह्यात आल्याचा भाव कोसळतो, त्या वर्षी थोड्या आल्याची तरी सुंठ करून ठेवणे शेतकरी कुटुंबाला उपयोगी पडते. मात्र दोन पथ्ये पाळावी लागतील. एक, अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ खालील नोंदणी करून पाकिटावर घटक, वजन आणि तारीख छापणे. दुसरे, पाकिटावर 'दमा बरा होतो', 'सर्व रोगांवर रामबाण' असले काही न छापणे. औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ पासून अस्तित्वात आहे आणि तो बचत गटालाही लागू आहे. प्रदर्शनाचे उद्‌घाटन करणाऱ्या पाहुण्यांनी फीत कापल्यावर ही पाकिटे एकदा उलटून वाचली, तर बरेच काम होईल.

शेवटचा मुद्दा ऊसतोडीच्या तळांचा. कोयत्याला जाणारे नवरा-बायको पहाटेच्या अंधारात फड गाठतात. पाचटाच्या कोपीत दोन-तीन वर्षांचे मूल आणि त्याला सांभाळणारी आठ-नऊ वर्षांची बहीण उरते. तीन दगडांची चूल, ओले सरपण, अंगावर एक गोधडी. त्या मुलाला खोकला झाला, तर आईही पहाटे जाण्यापूर्वी तुळशीचे पान आणि आल्याचा तुकडा उकळून त्याला देते. तिच्याजवळ तेवढेच असते. ज्या गावाच्या हद्दीत ही कोपी उभी असते, त्या गावच्या मतदार यादीत हे कुटुंब नसते, आणि ज्या गावाच्या यादीत असते ते गाव बीड किंवा अहिल्यानगरकडे मागे राहिलेले असते. म्हणून हंगाम सुरू होताच, ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत तळ पडला असेल तिने पाच वर्षांखालील मुलांची यादी करून उपकेंद्राला द्यावी, आशा कार्यकर्तीची आठवड्यातून एक फेरी तेथे ठरवावी आणि ती फेरी सायंकाळी असावी, कारण दिवसा आई भेटत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षक कोपीवरील मुलांना शाळेत आणण्यासाठी तळावर जातातच. त्यांनी धाकट्या भावंडाचा श्वास मोजून पाहण्यास एक मिनिट लागते. बैलगाडीच्या टोळ्या कारखान्याजवळच्या तळावर हंगामभर राहतात, त्यांची यादी एकदा केली की पुरते. ट्रक-ट्रॅक्टरबरोबरच्या टोळ्या मात्र फडामागून फड हिंडतात. त्यांच्या मुलांची नावे मुकादमाकडून आधीच लिहून घ्यावीत आणि टोळी पुढे हलली, की ती यादी पुढच्या गावच्या उपकेंद्राला त्याच दिवशी कळवावी.